टाकीवरचं नाव

पुष्पाबाईला दुसरं घर करून द्यायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात मोठी अडचण निघाली ती तिच्या गाडीच्या टाकीची. ऐकणाऱ्याला हे हसण्यासारखं वाटेल. सोनगीरमध्ये काहीजण हसलेही. पण तिच्या सासऱ्याच्या, चुडामणच्या, घरात त्या चैत्रात कुणाला हसू येत नव्हतं.

गाडी बारकीच, पायडल मारून सुरू करायची. धरणगावकडच्या तिच्या बापाने, कापसाचं वर्ष बरं गेलं म्हणून, लग्नात आंदण दिलेली. तिची टाकी प्लास्टिकची होती. पुष्पाचा नवरा अभिमन गाड्या रंगवण्यात वाकबगार. गाडी दारात आली त्याच दिवशी, पेट्रोलचा थेंबही आत जायच्या आधी, त्याने टाकी उतरवून घेतली. तिला गर्द लाल रंग दिला आणि डाव्या अंगाला पिवळ्या अक्षरांत आपलं नाव घातलं. शेवटच्या अक्षराची काठी लांब ओढून थेट झाकणाभोवती वळवली. गाडी बायकोची आणि नाव नवऱ्याचं, हे कुठलं शास्त्र, असं पुष्पा त्याला चिडवायची. तो म्हणायचा, "नाव मनं, गाडी तुनी. बराबर तं शे."

आषाढात त्याला कावीळ झाली. झाडपाला झाला, धुळ्याचा दवाखाना झाला. पोळ्याला बैलांच्या शिंगांना रंग द्यायला तो नव्हता. त्यालाही आता दोन वर्षं होत आली होती. मूलबाळ नव्हतं. गाडी दुकानामागच्या पडवीत गोणपाटाखाली उभी राहिली, ती टाकीतल्या पेट्रोलसकट.

पुष्पाच्या थोरल्या भावाने, भटूने, रावेरकडचं स्थळ आणलं. जीवराम नावाचा बिजवर. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांचं वेल्डिंग करायचा, केळीच्या हंगामात हाताला उसंत नाही म्हणे. बघायला त्याचा काका तोताराम आला होता. पांढरं धोतर, डोक्याला टोपी, बोलणं मोजकं. चहा पिऊन झाल्यावर त्याने पडवीत जाऊन गोणपाट उचललं आणि खाली टाकलं.

"पोरगी पसंत हाय आम्हाले," तो चुडामणला म्हणाला. "पन भाऊ, या गाडीवर मेल्या मानसाचं नाव हाय. हे आमच्या दारात नको. गाडी तुमच्याकडंच राहू द्या."

दाराआडून पुष्पा बोलली. असं मध्ये बोलायची तिची रीत नव्हती, म्हणून सगळ्यांनीच तिकडे पाहिलं.

"गाडी येई तं मी येसू. मना बापनी देल शे."

तोतारामने टोपी काढली, परत घातली. भटूने बहिणीकडे डोळे वटारले. शेवटी चुडामणच मध्ये पडला. नाव घालवतो, टाकी गळते आहे तीही नीट करतो आणि नवा रंग देऊन गाडी हवाली करतो, असं त्याने सांगितलं. आखाजीनंतरच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेनंतरच्या, सोमवारी पाहुणे घ्यायला येणार, हे पक्कं झालं. नाव गेलं नसेल तर सोयरीक मोडली असं समजा, असंही तोताराम जाता जाता बोलला.

चुडामणची बायको भिकुबाई तोवर चुलीपुढून उठली नव्हती. पाहुणे गेल्यावर ती ओसरीवर आली.

"जाऊ दे तिले," ती म्हणाली. "तिनी पाठ फिरनी का मी आंगन झाडी टाकसू."

माणूस घराबाहेर पडलं की त्याच्यामागे लगेच केर काढत नाहीत. तिरडी उठली तरच काढतात. त्यामुळे सासू काय बोलली ते पुष्पाला नीट कळलं. तिने पाहुण्यांचे कप उचलले आणि विसळायला नेले.

*

सोनगीर एके काळी तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. पहाटेपासून हातोड्यांचा आवाज असा उठायचा की शेजाऱ्याशी भांडायचं तरी गावाबाहेर जावं लागे. चुडामणच्या बापाने घडवलेले हंडे अजून माळमाथ्यावरच्या घरांतून पाणी भरत होते. मग स्टील आलं. हंडा फुटला तर डाग द्यायला आणण्याऐवजी लोक मोडीत घालू लागले. चुडामणने हातोडा गुंडाळून ठेवला आणि मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेला, घरापुढेच, टपरी टाकून मोटारसायकलींच्या गळक्या टाक्यांना डाग द्यायला सुरुवात केली. काम तेच होतं. नवसागर तोच, कथील तेच, फक्त आत पाण्याऐवजी पेट्रोल. मोठा झाल्यावर अभिमनने कॉम्प्रेसर आणला. बाप भोक बुजवायचा, लेक रंग मारायचा. टाकी दुकानात गळत यायची आणि नवरीसारखी नटून जायची.

प्लास्टिकची टाकी मात्र चुडामणला कधी वश झाली नाही. पहिल्यांदा एक आली तेव्हा सवयीने त्याने तापलं लोखंड तिला लावलं आणि बोटाएवढ्या भोकाची मूठभर खिंड झाली. समोरच्या चहावाल्या सुपडूने ते पाहिलं होतं. ज्याच्या पोटात गोष्ट राहील तो चहावाला कसला? पुढे कितीतरी दिवस येणारा-जाणारा विचारायचा, "चुडामण नाना, तांबानं भांडं शे का ते?" तेव्हापासून प्लास्टिकचं सगळं अभिमनकडे गेलं. तो कसं करतो ते चुडामणने बाजूला बसून पाहिलं होतं. पण पाहणं वेगळं आणि हाताला येणं वेगळं.

आता अभिमन नव्हता आणि टाकी त्याच्याच नावाची होती.

त्याने टाकी उतरवली. जुनं पेट्रोल डब्यात ओतलं. ते काळपट झालं होतं आणि वासाने डोळ्यांत पाणी येत होतं. वरच्या अंगाला, टाकी बसवायच्या खिळीपाशी, केसाएवढा तडा होता. तडा पुढे पळू नये म्हणून त्याने दोन्ही टोकांना सुईएवढी भोकं पाडली. हे तांब्याचंच ज्ञान, इथेही चाललं. मग भंगारातल्या एका फुटक्या टाकीची पट्टी कापली, कारण प्लास्टिकला प्लास्टिकही त्याच जातीचं लागतं. अभिमन म्हणायचा तेवढं त्याला आठवत होतं. लोखंड लाल करायचं नाही, थुंकी नुसती चुरचुरेल इतकंच तापवायचं. पट्टी मेणासारखी मऊ करत त्याने तडा भरला. दोनदा चुकला. दोनदा खरवडून पुन्हा भरला. तिसऱ्यांदा डाग बसला तेव्हा पाठीवरचा घाम कमरेच्या करगोट्यापर्यंत आला होता.

टाकीत साबणाचं पाणी घातलं, मूठभर खडे टाकले आणि ती दोन्ही हातांत धरून हलवत बसला. वय झालं होतं, खांदे भरून यायचे. पुष्पा भाकरीचं फडकं घेऊन आली, तिने ते बाजूला ठेवलं आणि टाकीचं दुसरं टोक धरलं. मग दोघं समोरासमोर बसून टाकी हलवत राहिली. पाखडण्यासारखं काम, त्याला ताल सापडला की हात आपोआप चालतात.

"पोरी," चुडामण म्हणाला, "तुले जानं शे ना? का भटू म्हनस म्हनीसन जाई ऱ्हायनी?"

 खडे वाजत होते.

"आबा, मी सकाय उठस, चूल पेटाडस. माय मनाकडे देखस आनी तिले तिना पोरच दिखस. मंग ती जेवत नही. आठे राहीसन मी तिना घास काढी ऱ्हायनू, आसं वाटस माले." तिने पदराने तोंड पुसलं. "आनी मनं बी वय काय, आबा? माले बी जगनं शे."

"जगानंच," चुडामण म्हणाला. "जगानं नही तं काय."

त्याला खरंच तसं वाटत होतं. त्याच्या एका बहिणीने अशाच तरुणपणी कपाळ पांढरं करून भावाच्या घरात जन्म काढला होता, आणि ती कोपऱ्यात बसून निवडत असलेल्या तुरीच्या डाळीचा आवाज त्याला अजून ऐकू यायचा. सुनेच्या वाट्याला तो कोपरा येऊ द्यायचा नाही, हे त्याने मनाशी धरलं होतं. फक्त हे करायला लेकाचं नाव आपल्याच हाताने घालवावं लागेल, हे धरलं नव्हतं.

टाकी धुऊन उन्हात उलटी घातली. चैत्रातच वैशाखासारखं ऊन तापायला लागलं होतं, किल्ल्याच्या डोंगरावरचे दगड दुपारी बघवत नव्हते. पत्र्याची टाकी अशा उन्हात अर्ध्या दिवसात खडखडीत होते, वासही उरत नाही. ही तर त्याने चांगली दोन दिवस वाळवली. वास घेतला. थोडा येत होता, पण तो आपल्या हातांचाच असेल असं त्याला वाटलं. या माणसाच्या हातांना जन्मभर कशाचा ना कशाचा वास होताच.

मग तो पातं घेऊन बसला.

नवा रंग द्यायचा तर जुना खरवडून काढायचा, हे दुकान झाडणाऱ्यालाही ठाऊक असतं. त्याने उजव्या अंगाचा लाल रंग खरवडला. सालीसारखा निघाला. मागचा खरवडला. मग टाकी फिरवली आणि डावं अंग वर आलं. त्याने पातं पहिल्या अक्षरावर टेकवलं. पोराचा हात त्याला दिसला. नाव रंगवताना अभिमन श्वास रोखून धरायचा आणि रंगवून झालं की बैलासारखा फुस्कन सोडायचा. चुडामणने पातं उचललं. पुन्हा टेकवलं. समोरून सुपडू चहाचा ग्लास घेऊन आला आणि, जन्मात पहिल्यांदाच, काही न बोलता ठेवून गेला.

चहा गार झाला. चुडामणने पातं डब्यात टाकलं, खाचखळगे बुजवायच्या लांबीचा डबा उघडला आणि अक्षरांवर पातळ लांबी ओढली. कडा झाकल्या, अंग सपाट केलं, काचकागदाने घासलं. खाली नाव आहे आणि वर नाही, असं झालं. कोणाला दिसणार आहे, असं त्याने स्वतःला समजावलं. खोटा डाग दिलेलं भांडं त्याने आयुष्यात कोणाला दिलं नव्हतं.

रंगाची बंदूक अभिमन गेल्यापासून खुंटीला होती. तिचं तोंड सुकलेल्या रंगाने बंद झालेलं. ते थिनरमध्ये भिजत घालून सुईने कोरलं. कॉम्प्रेसरचा पट्टा दोनदा निसटला. टाकी तारेला टांगून त्याने निळा रंग मारला. पोराएवढा सफाईचा नाही, पण डोळ्याला खुपेल असाही नाही. पडवीतल्या आड्याला ती टाकी लटकत राहिली. वाऱ्याने थोडी फिरायची आणि उन्हाची तिरीप आली की चमकायची.

*

आखाजीला लेकी माहेरी येतात. गल्लीत लिंबांना झोके बांधले होते, पोरींची गाणी चालली होती. चुडामणच्या घरी आंडेर म्हणावी अशी लेक नव्हती. गेल्या वर्षीपासून त्या दिवशी अभिमनच्या नावाची घागर भरत होते.

कुंभाराकडची नवी घागर पुष्पाने आणली. भिकुबाईने ती धुतली, गव्हाच्या राशीवर मांडली, पाणी भरलं, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं. दोघी सकाळपासून खापरावर पुरणाच्या पोळ्या करत होत्या. एकीने लाटलेली दुसरीने हातावर फिरवून मोठी करायची आणि खापरावर टाकायची. लग्न होऊन आल्यावर हे काम पुष्पाला सासूनेच शिकवलं होतं. त्या दिवशीही एकही पोळी फाटली नाही. पण बोलणं नव्हतं. जेवढं लागेल तेवढंच, तेही चुलीकडे बघून.

निखाऱ्यावर घास टाकताना भिकुबाईचा आवाज फुटला.

"पानी पी ले रे भाऊ. पोटभर पी. आते तुले भरीसन देनारी बी जाई ऱ्हायनी."

पुष्पाच्या हातातलं तुपाचं भांडं थांबलं. चुडामण म्हणाला, "अभिमननी माय, आजना दिवस तरी..." 

जेवणं झाल्यावर भिकुबाई पडवीत गेली. लेक गेल्यापासून ती तिकडे फिरकत नसे. निळी टाकी आड्याला टांगलेली होती. तिने हात वर करून डाव्या अंगावरून बोटं फिरवली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. अभिमनचं नाव ती त्या पिवळ्या रंगावरून आणि झाकणाभोवतीच्या शेपटीवरून ओळखायची.

"कथा गया व तो?" ती म्हणाली. कुठे गेला, हे तिने कोणाला विचारलं कोण जाणे. मागे चुडामण उभा होता. तो खाली आहे, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं.

ओसरीवर घागर रात्रभर पाझरली. सकाळी तिच्याखालचे गहू ओले होऊन फुगले होते. नव्या मातीची घागर पाझरणारच, कोणी लक्ष दिलं नाही.

*

सोमवारी दुपार चढायच्या आत जीप आली. तोताराम, जीवराम आणि दोन बायका. भटू आधीच आला होता आणि घर आपलंच असल्यासारखा पाहुण्यांना बसा-बसा करत होता. जीवराम अंगाने रुंद, गप्प माणूस. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी त्याचे दोन्ही हात मनगटापर्यंत ठिपक्याठिपक्यांचे झालेले. चुडामणने आधी ते हात पाहिले आणि मग तोंड.

गाडी अंगणात उभी केली होती. सकाळीच टाकी बसवून तिच्यात पेट्रोल भरलं होतं. डाग गळत नव्हता, चुडामणने खाली कागद ठेवून खात्री केली होती. पाहुण्यांनी ती पाहिली. तोताराम तिच्याभोवती एकदा फिरला आणि म्हणाला, "हे ठीक झालं." मग सगळे जेवायला बसले.

जेवण होईतो ऊन अंगणाच्या मध्यावर आलं. पुष्पाची ट्रंक जीपमध्ये चढवली. गाडी जीपच्या मागे दोरांनी बांधायची म्हणून जीवराम तिला हात लावायला गेला आणि थबकला. त्याने काकाकडे पाहिलं.

टाकीच्या डाव्या अंगाला फोड आले होते. देवी आल्यासारखे, टपोरे, आणि बघता बघता आणखी उठत होते. मागे आणि उजवीकडे एखादा-दुसरा, पण डाव्या अंगावर रंग सगळाच फुगला होता. तोतारामने अंगठा ठेवून एक फोड दाबला. निळी कातडी, तिच्याखालची लांबी, दोन्ही ओल्या सालीसारखी सरकली. खाली पिवळं दिसलं. एक आडवी रेघ आणि एक उभी.

 गल्लीतल्या झोक्याच्या दोराचा करकर आवाज येत होता.

"हे काय हो, भाऊ?" तोताराम म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, घाबरलेला होता. "तुम्ही तं नाव काढलं म्हनत होते ना? हा तं वर येऊन राह्यला. गेलेला मानूस मांगं लागते, ते असं. मले हे लक्षन बरं नाही दिसत. जीवराम, चाल. ट्रंक उतरव."

भटूने चुडामणचा दंड धरला. "काय करं हो हाई तुम्ही? मनी बहीननं घर मांडानं का मोडानं?"

पुष्पा उंबऱ्यात उभी होती. नव्या लुगड्याचा पदर तिने दोन्ही हातांनी धरला होता. ती चुडामणकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि त्यानेच तो मेल्याहून मेला झाला. ज्या पोरीला कोपऱ्यातून बाहेर काढायचं म्हणून एवढं केलं, तिचा पाय त्यानेच उंबऱ्यात अडकवला होता.

त्याची नजर ओसरीवर गेली. घागर अजून तिथेच होती. तिचं अंग ओलं होतं आणि तिच्याखाली पाण्याचा डाग पसरला होता. त्याने घागरीकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं, आणि इतक्या उशिरा त्याला कळलं.

"तोताराम भाऊ," तो म्हणाला, "मांगे कोनी लागत नही. ट्रंक राहू द्या. हाई मनी चूक शे. मी जनमभर तांबं हाताळं. तांबाले आतलं बाहेर देवानं माहीत नही. हाई प्लास्टिक मातीना गत शे, पाझरस. दोन वरीस पेट्रोल पिई बठेल व्हतं, ते ऊन लागताच बाहेर निंघनं. पोरनी कोरी टाकी रंगाडी व्हती, म्हनीसन त्याना रंग टिकना." तो थांबला. मग सगळ्यांच्या देखत म्हणाला, "आनी नाव मी काढंच नही. वरतीन लांबी लाई दिधी. मना पोरना हातनं व्हतं. माले ते खरडता उनं नही."

घरातून भिकुबाई बाहेर आली होती. तिने हे सगळं ऐकलं. तिने टाकीकडे पाहिलं, त्या पिवळ्या रेघांकडे.

तोताराम काही बोलणार होता. जीवरामने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, थांबा जरासे," तो म्हणाला. मग तो टाकीपाशी उकिडवा बसला आणि सुटलेल्या रंगाखालचं अक्षर बघत राहिला. "हात चांगला व्हता त्याचा," तो चुडामणला म्हणाला. "पातं हाय का?"

"शे," चुडामण म्हणाला. "पन मी करसू. तुम्ही नका."

टाकी पुन्हा उतरवली, पेट्रोल डब्यात काढलं. चुडामण अंगणात फतकल मारून बसला. टाकी मांडीवर घेतली. पातं लावलं, पण टाकी घसरत होती. पुष्पा उंबरा ओलांडून आली, नवं लुगडं धुळीत टेकवून समोर बसली आणि तिने टाकीचं दुसरं टोक दोन्ही हातांनी घट्ट धरलं, खडे घालून हलवताना धरलं होतं तसं.

"करा, आबा," ती म्हणाली.

त्याने पहिलं अक्षर खरवडलं. आता सोपं जात होतं, पेट्रोलने खालून सगळं सैल केलं होतं. पिवळ्या, लाल, निळ्या साली पडत होत्या, तिच्या लुगड्यावर, त्याच्या धोतरावर, अंगणभर. दुसरं अक्षर गेलं. तिसरं गेलं. शेवटच्या अक्षराची ती लांब काठी झाकणाभोवती गेली होती, तिथे रंग सुटला नव्हता. पातं बसेना. ओलं करून घासायला हवं होतं. चुडामणने पाणी मागायला तोंड उघडलं आणि मागून तांब्या पुढे आला.

भिकुबाई होती. तिने घागरीतूनच पाणी आणलं होतं. ती वाकून थेंब-थेंब पाणी सोडत राहिली आणि चुडामण कागदाने घासत राहिला. पिवळं पाणी त्याच्या बोटांवरून मांडीवर उतरलं. ती शेपटी झिजत झिजत गेली. तिघांनाही रडू येत होतं आणि ते लपवायचं कोणाला सुचलं नाही. जीपजवळच्या दोन बायकांनी डोळ्यांना पदर लावला. तोतारामने तोंड दुसरीकडे फिरवलं.

रंग सगळा गेला तेव्हा टाकी दुधी, मळकट पांढरी निघाली. जीवरामने ती उचलली, पुसली आणि स्वतःच बसवली.

"आते नवा रंग?" भटूने विचारलं.

"आत्ता नको," जीवराम म्हणाला. "सारा वास निंघू द्या. महिनाभर रिकामी उन्हात ठिवीन, मंग देईन. नाही तं राहू दे अशीच."

तोताराम टाकीभोवती पुन्हा एकदा फिरला. त्याने डाव्या अंगावरून तळहात फिरवला. काही लागलं नाही. "चाला मंग," तो म्हणाला. "ऊन उतरायच्या आत पारोळा गाठू."

पेट्रोल परत ओतलं. पुष्पा वाकून पाहत होती. रंग नसल्याने आतल्या पेट्रोलची पातळी बाहेरून दिसत होती, थोडी हलत होती.

"आबा, आते आतलं दिखस," ती म्हणाली.

तिने चुडामणच्या पायावर डोकं ठेवलं. मग भिकुबाईच्या. भिकुबाईने तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही. तिच्या लुगड्यावर एक पिवळी साल चिकटली होती, ती नखाने काढली आणि मुठीत धरली. पुष्पा जीपमध्ये बसली. मागे गाडी दोरांनी आवळून बांधली होती. जीप रस्त्याला लागली, सुपडूच्या टपरीपाशी वळली आणि ट्रकांमध्ये दिसेनाशी झाली.

अंगण रंगाच्या सालींनी भरलं होतं. भिंतीला खराटा उभा होता. भिकुबाई तिकडे गेली आणि तिने तो उचलला.  बाई बोलली तसं करणारी होती, हे चुडामणला इतक्या वर्षांत माहीत झालं होतं. आडवं यायचं त्याच्या अंगात बळ नव्हतं.

"झाडी टाक," तो थकून म्हणाला. "म्हनेल व्हती ना तू."

भिकुबाई खराटा हातात धरून उभी राहिली. रस्त्याकडून वारा आला आणि साली इकडून तिकडे सरकल्या.

"आंडेर आते गयी," ती म्हणाली. "तिना मांगे झाडतस का कोनी?"

तिने खराटा परत भिंतीला टेकवला आणि ती उंबऱ्यात जाऊन बसली.